भिंग वीसचंच असतं

आमच्या शाळेत प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल, आणि जर्नल म्हणजे गेल्या वर्षीच्या पहिल्या नंबराचं जर्नल. वर्ष संपलं की विज्ञानाचे सर ती एक वही ठेवून घ्यायचे आणि पुढच्या वर्षीची पोरं त्यातून सगळं उतरवून काढायची. आकृत्या, निरीक्षणं, आकडे, अगदी निष्कर्षसुद्धा. शाळा घाटकोपरच्या डोंगरउतारावर होती. प्रयोगशाळेत कपाट एकच. त्यातलं काही फुटलं तर नवीन येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून सर टेबलावर प्रयोग एकदा करून दाखवायचे आणि आम्ही पन्नास जणं हात मागे बांधून बघायचो. याला कुणी चोरी म्हणत नव्हतं. मीही म्हणत नव्हते.

पण मला खाज होती. नववीत एकदा सरांनी कपाट आवरायला मला थांबवलं, तेव्हा मी भिंग हातात घेतलं आणि मोजपट्टी लावून बसले. खिडकीबाहेर लांबवर पिंपळ होता. त्याचं उलटं चित्र कागदावर स्वच्छ उमटेपर्यंत भिंग मागेपुढे करायचं आणि मग भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर, म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर, मोजायचं, एवढाच तो प्रयोग. माझं अंतर आलं साडेअठरा सेंटीमीटर. तीनदा मोजलं, तीनदा साडेअठरा. मी ऐटीत जर्नलमध्ये तेच लिहिलं. सरांनी लाल पेनाने त्यावर काट मारली आणि बाजूला लिहिलं, वीस.

"सर, मी मोजलंय."

"अगं, खोक्यावर छापलंय ना वीस? तुझा हात हलला असेल."

खोकं जुनं होतं. मूळचं भिंग कधीच फुटलं होतं आणि हे दुसरंच कुठलं तरी आणून त्यात ठेवलेलं होतं, हे मला फार पुढे शिपाईमामांकडून कळलं. त्या दिवशी मी मुकाट्याने वीस लिहिलं. आणि मनात पक्कं बसलं, की माझं आणि वहीचं जुळलं नाही तर चूक माझी.

सरांबद्दल वाईट लिहायला हात धजत नाही, आणि तरी लिहायचंय. माझ्यासाठी त्या माणसाने जेवढं केलं तेवढं माझ्या सख्ख्या काकाने केलं नसतं. त्याच वर्षी विज्ञानाच्या स्पर्धेचा फॉर्म त्यांनीच आणला. आधी लेखी, मग प्रॅक्टिकल, आणि त्यातून निवडलेल्या मुलांना उन्हाळ्यात पवईला तळ्याकाठी महिनाभर शिबिर. तिथे खरे शास्त्रज्ञ शिकवणार, एक दिवस ट्रॉम्बेला नेऊन अणुभट्टी दाखवणार. आमच्या शाळेतून लेखीसुद्धा कुणी कधी पास झालं नव्हतं. मी झाले. सरांनी स्वतः पेढे आणून वर्गावर्गातून वाटले आणि मला सगळ्यांपुढे उभं केलं. मी लाजून मेले.

घरी मात्र पेढ्यांवर भागणार नव्हतं. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. आता ते साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर होते. संपाच्या दिवसांत "आणखी आठ दिवस, आणखी आठ दिवस" ऐकून ऐकून त्यांचा आपल्या माणसांच्या शब्दावरचा विश्वास पार उडाला होता. सर घरी येऊन म्हणाले, "मुलगी फार हुशार आहे, दहावीनंतर सायन्सला घाला." बाबांनी चहा पुढे केला आणि त्यांच्या मालवणीत म्हणाले, "सर, तुमका ती हुशारच दिसतली. तुमची आसा ती." मग माझ्याकडे वळून, "बाय, त्या शिबिरात नाव इला तर सायन्स. नाय इला तर टायपिंग. मगे रडूचा नाय."

मी कबूल झाले. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला काय, जग जिंकल्यासारखंच वाटत असतं.

दोन महिने सरांनी मला शाळा सुटल्यावर शिकवलं. व्याख्या, सूत्रं, नियम, सगळं तोंडपाठ. प्रॅक्टिकलची तयारी म्हणजे जर्नल पाठ. भिंगाचं नाभीय अंतर किती? वीस. लंबकाचा आवर्तकाल किती? दोन सेकंद. मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

प्रॅक्टिकल मुलुंडच्या एका इंग्रजी शाळेत होतं. प्रयोगशाळा केवढी! आमचे चार वर्ग त्यात मावले असते. प्रत्येकाला वेगळं टेबल आणि टेबलावर सगळं मांडून ठेवलेलं. मी सवयीने हात मागे बांधून उभी राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला वाटलं आधी कुणीतरी दाखवेल. शेजारची मुलगी एव्हाना भराभर मोजत होती. शेवटी देखरेखीवरच्या बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "अगं, कर ना सुरू. कुणाची वाट बघतेस?"

टेबलावर भिंग होतं. मला हसूच आलं. हे तर आपलंच! खिडकीतून लांबची पाण्याची टाकी दिसत होती. मी चित्र पाडलं आणि मोजलं. पंधरा.

पुन्हा मोजलं. पंधरा. हात टेबलाला टेकवून, श्वास धरून पुन्हा मोजलं. चौदा पूर्णांक नऊ दशांश. वाट लागली! आपला हात हलतोय. एवढ्या मोठ्या ठिकाणी येऊन आपल्याला साधी मोजपट्टी धरता येत नाही. डोळ्यांपुढे सरांची लाल काट आली. कच्च्या कागदावर मी पंधरा, पंधरा आणि चौदा पूर्णांक नऊ दशांश लिहिलं होतं ते खोडलं, आणि उत्तराच्या कागदावर सुवाच्य अक्षरात तीन वाचनं लिहिली. वीस, एकोणीस पूर्णांक नऊ दशांश, वीस. थोडा फरक ठेवला म्हणजे खरं वाटतं, हे आम्हाला जर्नलनेच शिकवलं होतं.

कागद गोळा करताना बाईंनी माझे दोन्ही कागद बघितले. कच्च्या कागदावर बोट ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "हे का खोडलंस?"

"चुकलं होतं."

"कशावरून?"

"भिंग वीसचं असतं ना."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "कोणी सांगितलं तुला?" म्हणाल्या. सरांचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "कोणी नाही. मीच." त्यांनी कागद गठ्ठ्यात ठेवले आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

बाहेर फाटकापाशी सर पाण्याची बाटली घेऊन उभे होते. सकाळपासून तिथेच होते बहुतेक, शर्टाची पाठ घामाने भिजली होती. "काय आलं होतं गं?"

"भिंग."

"आणि उत्तर?"

"वीस."

"शाब्बास!" त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की पाणी सांडलं. बसमध्ये घाटकोपर येईपर्यंत ते पवईच्या शिबिराबद्दल बोलत होते. मी खिडकीबाहेर बघत होते. आपलं नाव येणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं.

यादी आली, नाव नव्हतं. सर म्हणाले, आपल्या शाळेचं नाव बघितलं की बाजूला टाकतात, वशिला लागतो. बाबांना मी खरं सांगितलं, पंधरा आलं आणि वीस लिहिलं. ते जेवत होते.

"जा माप येता ताच लिवूचा आसता गो," ते म्हणाले. "आमच्या हेल्पराकसुदा कळता ता."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला वाटतं तेव्हाच, त्या ताटावर, त्यांनी ठरवून टाकलं की मी हुशार वगैरे काही नाही. दहावीला मला चांगले मार्क पडले, शाळेत पहिली आले, तरी ते फक्त "बरा झाला" म्हणाले. मीही शब्द दिला होता. टायपिंगच्या क्लासला नाव घातलं.

शाळा सोडल्याचा दाखला आणायला गेले तेव्हा सर प्रयोगशाळेत होते. समोरच्या बाकावर नवीन नववीची एक मुलगी मान मोडून उतरवून घेत होती. माझं नववीतलं जर्नल, अजून तेच चालू होतं. पहिल्या नंबराचं ना ते! पान भिंगाचंच होतं. लाल काट तिने गाळली होती आणि वीस तेवढं घेतलं होतं.

का कोण जाणे, मला राहवलं नाही. सरांपासून एक वर्ष पोटात ठेवलेलं बाहेर पडलं. "सर, मुलुंडला मला पंधरा आलं होतं. तीनदा मोजलं. पंधराच होतं ते."

सर खुर्चीतून अर्धे उठले. त्यांचा चेहरा खरोखर कळवळला होता, खोटं कशाला बोलू. "अगं वेडे," ते म्हणाले, "मग वीस का लिहिलंस?"

त्यांना आठवतच नव्हतं. मी त्या मुलीच्या समोरच्या पानाकडे बघितलं. बोट ठेवून दाखवता आलं असतं, हे बघा तुमचं लाल पेन. पण तो माणूस फाटकापाशी दिवसभर उन्हात उभा होता हो. मी म्हटलं, "घाबरले, सर."

"घाबरायचं काय त्यात!" ते हळहळले. "सगळं घालवलंस बघ."

मी दाखला घेतला. मुलीने मान वर करून विचारलं, "ताई, यातलं सगळं बरोबर आहे ना?"

सर बघत होते. "हो," मी म्हटलं, आणि पाचच्या टायपिंगला उशीर होत होता म्हणून निघाले.