पहिली सही माझी

मी शाळेत खिचडी शिजवते. चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे डाळीच्या पाकिटावरचे वाचता येते, सही येते. चार माणसांत तोंड मात्र उघडत नाही. त्या दिवशीही उघडले नाही, आणि त्याची किळस अजून जात नाही.

माझी धाकटी पाचवीत गेली तरी तिला शब्द जुळवता येत नव्हता. तिच्यासारखी अजून आठ मुले होती. मग सरकारची योजना आली. मागे पडलेल्या मुलांना जवळपासच्याच कुणी शिकलेल्याने शाळा सुटल्यावर तासभर शिकवायचे. डोंगरावरच्या वाडीतली बारावी झालेली एक मुलगी त्यावर लागली. रोज पायवाटेने उतरून यायची. पोरे तिला ताई म्हणत.

ती पुस्तक उघडतच नसे. पोरांना बोलते करायची आणि ती घरच्या बोलीत जे बोलतील तेच पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायची. म्हशाच्या गुरांच्या जत्रेहून आल्यावर माझी पोरगी म्हणाली, बैलान बापाच्या पायाव पाय दिला. ताईने तसेच लिहून दिले. आठ दिवस पोरगी तो पुठ्ठा घेऊन फिरली. एका दुपारी मी टोप घासत होते तर धावत आली आणि दोन ठिकाणी बोट ठेवून म्हणाली, "आई, ह्यो पाय नि ह्यो पाय सारकाच हाय." माझे हात राखेतच राहिले.

मग तालुक्याचे साहेब पाहणीला येणार असे पत्र आले. गुरुजींनी ते पुठ्ठे गोळा करून माझ्या स्वयंपाकाच्या खोलीत लाकडांमागे टाकले. साहेबांना असले गावठी दिसायला नको, म्हणाले. ताईला चार दिवस सुट्टी दिली आणि त्या चार दिवसांत नऊ पोरांकडून पुस्तकातला एकच धडा घोकून घेतला.

पाहणीला मला खिचडीऐवजी तुपातला शिरा करायला लावला. पाणी द्यायला आत गेले तेव्हा माझी पोरगी पुस्तक धरून उभी होती. धडा घडाघडा म्हणत होती. बोट पहिल्याच ओळीवर होते आणि तोंड केव्हाच पान संपवून पुढे गेले होते. मला दिसले. साहेबांना दिसले नसेल असे कसे म्हणू? ते मोबाइलवर तिचा फोटो काढत होते. छान, छान म्हणाले. त्या दिवसापुरती परत बोलावलेली ताई दाराशी खाली मान घालून उभी होती.

नंतर गुरुजींनी आम्हा आयांपुढे कागद ठेवला. माझ्या पाल्यास आता अस्खलित वाचता येते, असे वर छापलेले होते. बाकीच्या बायांनी वाचले नाही, मी वाचले. गुरुजी सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमी शिकलेल्या. तुमी पहिली सही करा, म्हणजे बाकीच्या करतील." शिकलेली म्हणाले, तर मला बरे वाटले. पदर सावरून, गोल अक्षरांत, सावकाश पूर्ण नाव लिहिले. माझ्यामागे आठ जणींनी सह्या केल्या, अंगठे उठवले. साहेबांनी अर्धा शिरा ताटातच टाकला. तो मी कुत्र्याला घातला.

पंधरा दिवसांत वरून निरोप आला. या शाळेतली सगळी मुले वाचू लागली, आता इथे ताईची गरज नाही. ती मला सांगायला आली. "मावशी, तुमाला तरी दिसत व्हतं ना?" एवढेच विचारले. मी डाळ धूत राहिले, पाणी निवळले तरी धूत राहिले. ती डोंगराकडे निघून गेली.

दोन दिवस धीर गोळा करून गुरुजींकडे गेले. पोरीला वाचता येत नाही, ताईला परत बोलवा, म्हटले. ते हसले. "सही तुमची, पोरगी तुमची. आता मी वर काय कळवू? आई खोटं बोलली म्हणून?" तोंडात पान होते त्यांच्या. मला किळस आली. त्यांची का माझी, ते सांगता येत नाही.

घरी जाताना लाकडांमागचे पुठ्ठे काढून घेतले. कडा उंदरांनी कुरतडल्या होत्या. बैलाचा पुठ्ठा पुसून पोरीपुढे ठेवला. बस, आपण दोघी वाचू, म्हटले. तिने बघितलेही नाही.

"आता कशाला? मला येतं म्हणून तूच तं सही केली."