एकटीची की दोघींची

होडी घ्यायला आलेल्या माणसानं होडीकडे बघावं. वहिनी मात्र आल्यापासून शेडच्या दाराशी उपड्या बादलीवर बसली होती आणि चपलेला लागलेला चिखल काडीनं खरवडत होती. बघायचं काम तिची नणंद करत होती. ओंडक्यांवर चढवून ठेवलेल्या प्रत्येक होडीपाशी ती जाई, डाव्या हाताच्या बोटांनी टकटक करी आणि बाजारात कलिंगड पारखावं तसा कान लावून ऐके.

"हिच्या पोटात कधीतरी पाणी शिरलंय. ऐक वहिनी." टकटक. "ऐकलंस?"

"ऐकलं, वन्सं."

"काय ऐकलंस?"

"टकटक."

शेडवाला हसला. नणंदेनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं हसू गिळून फडक्यानं हात पुसायला घेतले.

"ताई, फायबर आहे ते," तो म्हणाला. "फायबर कुजत नाही."

"लाकूडही कुजत नाही म्हणून एकानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं आम्हाला. फळी कुजली आणि भर पाण्यात तळ फाटला. विचार हिला, खोटं वाटत असेल तर."

शेडवाल्यानं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं मान हलवली आणि पुन्हा चपलेकडे वळली. फळी कुजली होती हे पहिल्यांदा तिच्याच तोंडून बाहेर पडलं होतं. दीड महिना झाला, ते खोटं आता गल्लीभर फिरून, धष्टपुष्ट होऊन रोज तिच्यासमोर येऊन उभं राहत होतं.

वहिनीला सगळी गल्ली वहिनीच म्हणे. तिच्याहून म्हाताऱ्या बायकासुद्धा. वय पंचावन्न, अंगकाठी बारीक, गुडघे दोन्ही कामातून गेलेले. लग्न होऊन ती या पाण्याकाठच्या घरात आली तेव्हा तिला ना पोहता येत होतं, ना वल्हं कुठल्या बाजूनं धरायचं ते कळत होतं. पोहणं अजूनही येत नाही. नवरा मोठ्या बोटीवर स्वयंपाकी होता. वर्षाचे दहा महिने बाहेर. आता निवृत्त होऊन घरी बसला होता आणि पाण्यातल्या प्रत्येक गोष्टीवर सल्ला देत होता. आज सकाळीही म्हणाला होता, "इंजिन मोठं घ्या. समुद्रावर तीस वर्षं काढलीत मी."

"कांदे चिरण्यात काढलीस," त्याची बहीण चपला घालता घालता म्हणाली होती.

ही बहीण लग्नानंतर वर्षा-दीड वर्षात सासर सोडून परत आली ती कायमची. का आली ते कुणाला सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. बापाबरोबर ती लहानपणापासून उथळ पाण्यात हिंडलेली. बाप गेल्यावर होडी तिच्याकडे आली, आणि होडीबरोबर माणूस लागतो म्हणून तिनं भावजयीला हाताला धरून आत बसवलं. त्याला बावीस वर्षं झाली. खेकड्यांचे पिंजरे कुठे टाकायचे, कोळंबीचं जाळं कधी ओढायचं, वारा फिरला की नाकाला कसं कळतं, सगळं वहिनीला शिकवलं ते वन्संनी. त्यामुळे घरात आणि पाण्यातही वन्सं वहिनीला 'तू' म्हणत आणि वहिनी त्यांना 'तुम्ही'.

त्यांची कामाची रीत ठरलेली. वन्सं पुढे उभ्या राहायच्या, हातात लांब काठी. काठी पाण्यात सोडायची, तळाला टेकली की ओढून घ्यायची आणि पाणी किती आहे ते ओरडून सांगायचं. आकडे नाहीत, मापं अंगाची. घोटा, गुडघा, मांडी, कंबर, छाती. मागे इंजिनाचा दांडा धरून बसलेल्या वहिनीनं तसं वागायचं. कंबरेला निवांत चालायचं, मांडीला सावकाश, गुडघा म्हटलं की इंजिन झटकन वर उचलायचं. उथळ खाडीत तळ दर चार पावलांवर बदलतो. पुढच्या माणसाचा आवाज हेच मागच्या माणसाचे डोळे.

आणि दीड महिन्यापूर्वी पुढच्या आवाजानं "कंबर!" म्हटलं तिथं गुडघाभर पाण्यात खडक होता. तळाची फळी उभी चिरली. दोघी चिखलातून चालत आल्या. भरती लागलेली, पाणी मागून चढत चढत वहिनीच्या हनुवटीपर्यंत आलं. वन्संनी डाव्या हातानं तिची वेणी धरून तिला काठाला आणलं. लोक जमले, काय झालं, काय झालं. वहिनी खोकत खोकत म्हणाली, "फळी कुजली होती."

कारण तिनं बघितलं होतं. वन्सं "कंबर" म्हणाल्या तेव्हा काठी पाण्यात गेलीच नव्हती. टोकाला सुकलेला चिखल होता. आणि ते काही पहिल्यांदा नव्हतं.

वेणी धरून वाचवणाऱ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं, की बुडवलंतही तुम्हीच?

शेडमध्ये उथळ पाण्यात चालतील अशा दोनच होड्या निघाल्या. एक अरुंद, हलकी, पाण्यात जेमतेम वीतभर बुडणारी. एकट्या माणसाची. दुसरी रुंद, सपाट तळाची, काठ बुटके. दोन माणसं, दहा पिंजरे आणि ओलं जाळं घेऊनही ती दीड वीतच बुडते, असं शेडवाला म्हणाला.

"ही अरुंद कुणासाठी दाखवतोस?" वन्संनी विचारलं. "आम्ही दोघी आहोत. तुला एक दिसते?"

"मला ती चालवून बघायची आहे," वहिनी म्हणाली.

वन्संनी वळून बघितलं. वहिनीनं काडी टाकून दिली.

"बघ की," वन्सं म्हणाल्या. "बघायला काय जातंय."

अरुंद होडी पाण्यात सोडली आणि वहिनी एकटीच बसून गेली. ओहोटी लागली होती, पण होडी इतकी हलकी की गुडघाभर पाण्यावरून पानासारखी सरकत होती. पुढे कुणी उभं नव्हतं. कुणी ओरडत नव्हतं. वहिनी मधेच थांबायची, वल्ह्यानं स्वतःच तळ चाचपायची आणि पुढे जायची. हळू, पण स्वतःच्या हातानं. तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. बरोबर आणलेलं जुनं जाळं तिनं सोडलं, थोडं थांबली आणि ओढायला लागली. होडी त्या बाजूला कलंडली. काठावरून पाणी आत आलं. तिनं अंग मागे टाकलं, पुन्हा ओढलं, पुन्हा पाणी. जेमतेम पाव जाळं आत आलं आणि दंडांत आग उठली. ती तशीच जाळ्यावर आडवी झाली आणि बराच वेळ आभाळाकडे बघत राहिली.

जाळं लहान करू, तिनं ठरवलं. कमी मासळी मिळेल. मिळू दे. जीव तर राहील. ही घ्यायची आणि वन्संना घरी गेल्यावर सांगायचं. इथं नको. शेडवाल्यासमोर नको.

परत आली तेव्हा वन्सं काठावर उभ्याच होत्या. "कशी आहे?"

"हलकी आहे."

"कापूसही हलका असतो. म्हणून त्यात बसून कुणी जातं का?" त्यांनी घरून आणलेली काठी डाव्या काखेत घेतली. "चल, आता माणसांची होडी बघू."

नको म्हणायलाही ताकद लागते. वहिनीकडे ती उरली नव्हती. ती रुंद होडीत मागे जाऊन बसली आणि दांडा धरला. वन्सं पुढे उभ्या राहिल्या, नेहमीसारख्या ताठ.

"कंबर! चल."

वहिनीनं बघितलं. काठी हातात उभी. खालचं टोक पाण्याच्या वीतभर वर.

"कंबर! झोपलीस का? मांडी आता. मांडी!"

टोक कोरडं. वहिनीनं इंजिन बंद केलं.

एकदम इतकं शांत झालं की लांब शेडमधला हातोडा ऐकू यायला लागला.

"काय झालं? बंद का केलंस?"

"काठी कोरडी आहे, वन्सं."

वन्संनी मान वळवली नाही.

"त्या दिवशीही कोरडी होती," वहिनी म्हणाली.

"मला काठी लागत नाही. हा तळ मला बाबांनी पावला-पावलानं—"

"वाळू काय तुमच्या बाबांना विचारून सरकते?"

बावीस वर्षांत वहिनी असं बोलली नव्हती. बोलल्यावर तिचा हात आपोआप तोंडाकडे गेला, पण शब्द गेले ते गेले. मग तिनं उरलेलंही सांगून टाकलं. "मला पोहता येत नाही. त्या दिवशी पाणी इथवर आलं होतं माझ्या. इथवर. रोज सकाळी उठले की आधी हनुवटीला हात लावून बघते."

वन्सं होडीच्या काठावर हळूच टेकल्या. बसताना त्यांनी उजवा हात डाव्यानं उचलून मांडीवर ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

"वर जात नाही हा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हात. खांद्यातून. काठी खाली सोडता येते मला, वर ओढता येत नाही. चिखल धरून ठेवतो तिला, एकट्या डाव्यानं सुटत नाही. चार महिने झाले."

"चार महिने! आणि तोंडातून अवाक्षर नाही?"

"काय सांगू? मग तुम्ही दोघांनी मिळून मला घरी बसवलं असतंत. माझ्या भावासमोर. त्यानं मला बोटीवर रस्सा कसा करतात ते मरेपर्यंत ऐकवलं असतं."

वहिनीला हसू यायला नको होतं. आलं.

"फळी धडधाकट होती," वन्सं म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी जाऊन हात फिरवून बघितला मी. पण तू कुजली म्हणालीस. म्हटलं, बरं. कुजली तर कुजली."

"म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला?"

"तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. फक्त त्या बिचाऱ्या फळीलाच ठाऊक नव्हतं, आपण दीड महिना तिची बदनामी करतोय ते."

पाणी हळूहळू उतरत होतं. मग वन्संच म्हणाल्या, "ती लहान घे तू."

"कुठली?"

"वेड पांघरू नकोस. उतरलीस तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. माहेरी चार दिवस राहून आल्यासारखं झालं होतं. घे ती. शहाणपणाचं तेच आहे. मी काठावर मासळी निवडीन."

बरोबर हेच वहिनीला हवं होतं. मागावं न लागता हातात पडलं होतं. ती आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत राहिली. जाळ्याच्या दोरानं मध्यभागी लाल वळ उठले होते.

"जाळं ओढवलं नाही माझ्याच्यानं," ती म्हणाली.

"किती आलं?"

"पाव."

"आणि मग?"

"मग आडवी पडले."

वन्सं फस्सकन हसल्या. "छान. मासे तुला बघायला जमले असतील."

"तुमचा डावा चालतो ना?"

"वेणी कुणी ओढली होती तुझी? चालतो तर काय."

"मग इकडे या मागे. दांडा डाव्या हातानंच धरायचा असतो. जाळं ओढताना माझे दोन आणि तुमचा एक, तीन हात झाले."

"आणि पुढे?"

"पुढे मी."

"तू?" वन्सं खरोखरच दुखावल्या. "तुला तळातलं काय कळतं?"

"काही नाही. म्हणून तर काठी टाकीन."

वन्संनी काठी होडीत आडवी ठेवली. मग दोघी रांगत रांगत एकमेकींना ओलांडून गेल्या. रुंद होडी थोडी हलली, कलंडली नाही. वहिनी पुढे उभी राहिली. गुडघे ठणकत होते. उभं राहणं तिला आयुष्यात कधी इतकं नकोसं झालं नव्हतं. तिनं काठी सोडली, तळाला टेकली, चिखलातून ओढून काढली.

"मांडी."

"ऐकू आलं."

"मांडी. मांडी. गुडघा! उचला इंजिन."

"इथं कुठला गुडघा? इथं कायम कंबर असते."

"गुडघा आहे, वन्सं!"

"अगं, मी सहा वर्षांची असल्यापासून इथून—"

खर्रर्र करत होडी वाळूवर चढली आणि थांबली. वहिनी पुढे फेकली जाता जाता काठीला धरून राहिली. दोघींनी श्वास रोखून तळाकडे बघितलं. सपाट तळ, कुठं चीर नाही, कुठून थेंब नाही. वन्संनी सावकाश इंजिन वर उचललं.

"गुडघा," त्या म्हणाल्या. जरा वेळानं, आणखी हळू, "पुढच्या वेळी जोरात ओरड."

"जोरातच ओरडले होते."

"मग मी ऐकेपर्यंत ओरड."

भरतीला अजून बराच अवकाश होता. दोघींना तिथंच बसून राहावं लागणार होतं, उन्हात, भुकेल्या, अंगभर चिखलाचे शिंतोडे. काठावरून शेडवाला दोन्ही हात हलवत धावत येत होता.

"अहो ताई! नवी होडी आहे! तळ खरवडला की हो! आता घेणार आहात का नाही?"

वन्संनी वहिनीकडे बघितलं. आजवर कुठल्याही दुकानात, कुठल्याही दारात उत्तर त्याच देत आल्या होत्या.

वहिनीनं काठी वाळूत रोवली, तोंडाशी हात धरले आणि ओरडली, "घेतली!"

"काय?"

"घेतली! दोघींना बसायला जागा आहे!"

आणि गुडघ्यांनी त्याहून जास्त वेळ उभं राहू दिलं नाही, म्हणून ती खाली बसली.