पंचेचाळीस फेऱ्यांचे मामा

आमच्या अख्ख्या खानदानात वह्या घेऊन कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि पेचकस घेऊन गाण्याच्या पेटीत शिरलेले माझे थोरले मामा पहिले. या दोन्हींत मोठं काम मामांचं, हे मी बी.एस्सी.चं प्रमाणपत्र हातात धरून सांगते. मामांच्या लहानपणी घर म्हणजे मेंढरांमागं चालणारं बिऱ्हाड. दिवाळी झाली की घोड्यावर भांडी लादायची आणि मृगापर्यंत रोज नव्या रानात चूल मांडायची. शाळा एका जागी बसलेली, मामा कधीच एका जागी नाहीत, त्यामुळं दोघांची गाठ पडली नाही. एका साली रोगानं निम्म्याहून जास्त मेंढरं गेली. घरात भाकरी एक वेळची झाली, तेव्हा मामा परभणीत एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला राहिले. पुढं पिंगळी स्टेशनजवळ स्वतःचं दुकान टाकलं, तरी भावकीत त्यांची ओळख ‘मेंढरं सोडून डबडी वळणारा’ अशीच राहिली.

मामांना जगात फक्त एक गोष्ट दिसते : फिरणारी वस्तू नीट चालीत फिरते की नाही. माझ्या साखरपुड्यात पाहुणे मुलाच्या नोकरीबद्दल सांगत होते आणि मामा छताकडं बघत होते. मध्येच म्हणाले, “पंखा दमलाय हो तुमचा, कंडेन्सर बदला.” मुलाचे वडीलही नोकरी सोडून पंख्याकडं बघू लागले. गिरणीत दळण टाकलं की पट्टा किती ढिला झाला ते मामा बाहेर उभं राहून सांगतात, आणि गिरणीवाल्यानं विचारलेलं नसतं. गाण्याची तबकडी फिरत असेल तर चहा पीत नाहीत. “एका टायमाला एकच काम,” म्हणतात, आणि गार झालेला चहा तक्रार न करता पितात. वेग मोजायची त्यांची रीतही जगावेगळी. तंबाखूच्या डबीतला चुना घ्यायचा, तबकडीखालच्या चकतीच्या कडेला ठिपका लावायचा आणि घड्याळ लावून एका मिनिटात ठिपका किती वेळा समोरून जातो ते मोजायचं. मेंढरं बोटानं मोजू नयेत, असा आमच्या घराचा नेम आहे, म्हणून मामा फेरेही हनुवटीनं मोजतात. लहान तबकडीला मिनिटाला पंचेचाळीस फेरे लागतात. पंचेचाळीस वेळा मान हलवणारा माणूस बघून नवं गिऱ्हाईक आधी घाबरतं.

मी शेवटच्या वर्षाला असताना परभणीतल्या एका हॉटेलवाल्या शेटजींचा निरोप आला. त्यांच्या वडिलांनी हैदराबादहून हौसेनं एक जुना जुकबॉक्स आणला होता. नाणं टाकलं की तबकडी आपोआप उचलून लावणारी ती कपाटाएवढी पेटी. पण बाईचं गाणं लावलं की पेटीतून बाप्याचा आवाज यायचा, आणि तोही झोपेतून उठवल्यासारखा. वडील वारले, पेटी तशीच राहिली. तीन मिस्त्री होऊन गेले होते. मामांबरोबर मीही गेले, तेव्हा शेटजी म्हणाले, “सोमवारी भंगारवाला येणाराय. तवर काय करायचं ते करा.” गल्ल्यापाशी बसलेला त्यातलाच एक मिस्त्री हसला. “मेंढरं हाकणाऱ्याला कशाला बोलवलं, शेट? ही अमेरिकेची पेटी हाय.” मामा एवढंच बोलले, “सोमवारच्या आत वाजंल.” मामांनी शब्द दिला होता आणि ऐकायला अर्धं गाव होतं.

आधी मामांनी रबरी चाक काढलं. मोटारीची दांडी या चाकाला फिरवते आणि चाक मोठ्या चकतीला. कुणीतरी त्यालाच तेल पाजलं होतं. “रबराला तेल? पायाला लोणी लावून कुणी पळतंय का?” स्पिरिटनं चाक पुसलं, चुन्याचा ठिपका लावला, हनुवटी हलू लागली. सदतीस, अन् वर अर्धा. शेटजी म्हणाले, व्होल्टेज कमी असेल, पण स्टॅबिलायझर लावूनही तेवढेच. तेव्हा मी मागच्या पत्र्यावरची अक्षरं वाचली. मोटार साठ सायकलच्या, म्हणजे सेकंदाला साठ हेलकावे घेणाऱ्या विजेची होती, आणि आपल्याकडची वीज पन्नासची; म्हणून मोटारच हळू फिरत होती.

“म्हंजे मोटार बरोबर हाय,” मामा म्हणाले, “गाव चुकलंय तिचं.”

मी हिशोब मांडला : मोटारीची दांडी पाचाला सहा, एवढी जाड व्हायला हवी. मामांनी हिशोब ऐकलाच नाही. खिशातून टकळीवर कातलेलं लोकरीचं सूत काढलं आणि चिमटीत ताण ओळखत दांडीवर गुंडाळलं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या व्हर्नियरनं जाडी मोजली. माझ्या वहीतल्या आकड्यात आणि त्यांच्या चिमटीत केसाचा फरक होता. त्या दिवशी मला माझ्या शिक्षणापेक्षा त्या चिमटीचा जास्त अभिमान वाटला.

पेटी लावली. बाई बाईच्या आवाजात गायला लागली, पण दर सुराला थरथरत, अगदी शेळीसारखी. हॉटेल हसून लोटपोट. “मेंढरंवाल्यानं कोकरू कोंबलंय आत!” मिस्त्री ओरडला. मामांनी सुताची गाठ दांडीवरच ठेवली होती. दर फेऱ्याला गाठ चाकाखाली यायची. घोंगडीत गाठ आत लपते, इथं लपायला जागा नव्हती. मामा लाल झाले, पण म्हणाले, “जाडी बरोबर हाय, गाठ माझी चुकली.” त्याच जाडीची पितळी नळी लेथवर कातून आणली आणि रविवारी दुपारी दांडीवर बसवली.

पंचेचाळीस. मान थांबली.

शेटजींच्या म्हाताऱ्या आई आतून बाहेर आल्या. पूर्ण गाणं उभ्यानंच ऐकलं. “ह्यांनी एवढ्या हौसेनं आणली,” त्या म्हणाल्या, “अन् एक गाणं नीट ऐकलं न्हाई, बघा.” मिस्त्रीनं खुर्ची सरकवून त्यांना बसवलं. मामांनी हळूच विचारलं, “आई, आणखी एक लावू का?”

भंगारवाला सोमवारी आला आणि चहा पिऊन गेला. पेटी आजही त्या हॉटेलात आहे आणि मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेते.