दानशूर चंद्राक्का

चंद्राक्का माईकपुढं उभ्या राहताना चप्पल काढायच्या. व्यासपीठ देवळासमोर असो, ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर असो की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, आधी चप्पल खाली आणि मगच आक्का वर. एखाद्या नवख्या साउंडवाल्यानं "हॅलो, चेक" म्हणत माईकवर टिचकी मारली की त्या कळवळायच्या. "आरं लेका, मारतोस कशाला? त्यानं तुझं काय घोडं मारलंय?" माईकमध्ये त्या कधी खोकल्या नाहीत. आणि माईकवर बोललेला शब्द त्यांनी कधी मागं घेतला नाही. त्या म्हणायच्या, "घरात बोललेलं फिरवता येतंय. कर्ण्यातनं गेलेलं कुठं हुडकत बसशील? ते शिवारात गेलं."

परंड्याकडच्या एका गावात कार्यक्रम रंगला आणि भारावून त्या बोलून गेल्या, "फुडच्या वर्सी ह्याच दिवशी परत येऊ." असं सगळेच कलावंत म्हणतात. आक्कांनी मात्र पुढच्या वर्षी आम्हाला त्याच दिवशी टेंपोत घातलं, डिझेल स्वतःच्या पैशानं भरलं आणि त्या गावात नेऊन उतरवलं. ग्रामसेवक गोंधळून म्हणाला, "पण आम्ही तर बोलावलं नव्हतं." आक्का म्हणाल्या, "तुमी कुठं बोलवलं? म्याच सांगितलं हुतं." पारावर दोन म्हातारे पत्ते खेळत होते, त्यांच्यापुढं आम्ही अख्खा कार्यक्रम केला. मध्येच एकानं ढोलकी जरा हळू वाजवायला सांगितली. आमचा ढोलकीवाला रशीदभाई परतीच्या वाटेवर एकच धोशा लावून बसला होता, "आक्का, अगली बार माईक पे बोलने के पैले मेरेकू एक बार पूछ लेव."

आक्कांच्या या गाण्याच्या पार्टीचा निवेदक मी. ज्याला गाणं येत नाही, वाद्य येत नाही आणि तरी स्टेजवर उभं राहायचं असतं, त्याला निवेदक करतात. घरात मी घुम्या. भाजी कशी झाली असं बायकोनं विचारलं तर मान हलवतो, आणि ती कुठल्या दिशेनं हलवली यावर वाद होतो. माईक हातात आला की मात्र माझ्या अंगात दुसराच कुणीतरी यायचा. त्या दुसऱ्यानं आक्कांचं जे नुकसान केलं ते इतकी वर्षं मी कुणाला बोललो नाही. आता लिहून टाकतो.

एके काळी आमची पार्टी जत्रांमधून आणि लग्नांमधून बरी चालायची. मग गावोगावी डीजे आला. आम्ही चार माणसं घाम गाळून जे करायचो, ते एक पोरगं बटण दाबून करू लागलं, तेही छातीचं हाड हलेल इतक्या मोठ्यानं. सुपाऱ्या आटल्या. अशा वेळी धाराशिवचे कापडाचे व्यापारी बसवंतअप्पा भेटले. ते एका नेत्र ट्रस्टचे सचिव होते. गोरगरिबांची मोतीबिंदूची ऑपरेशनं फुकट करायची, असं ट्रस्टचं काम. पण शिबिराला माणसं जमत नव्हती आणि तिजोरीत दानही पडत नव्हतं. अप्पांनी तोड काढली. शिबिराच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्या गावात गायचं, लोकांनी जे द्यायचं ते द्यावं, त्यातलं निम्मं ट्रस्टला आणि निम्मं आम्हाला. आक्का खूश झाल्या. म्हणाल्या, "पुण्य बी हुतंय आन् चूल बी पेटतीय. असलं देवाचं दुकान कुठं मिळायचं?"

आमच्याकडं गुपचूप दान द्यायची रीत नाही. दिलेल्या नोटेसोबत नाव कर्ण्यातून गेलं पाहिजे. एकाच्या नावाची पुकार झाली की त्याचा चुलतभाऊ दुप्पट घेऊन उठतो, मग मेव्हणा उठतो. माझं काम एवढंच, नाव नीट घ्यायचं आणि भावकीकडं मोघम नजर टाकायची.

तामलवाडीला मात्र भावकी हलेना. दिवेलागण झाली तरी माणसं हाताची घडी घालून बसलेली. आक्का त्या दिवशी अशा गायल्या की बायकांनी डोळ्यांना पदर लावले. टाळ्या थांबेनात. मग मी पुढं झालो, आणि नळ बंद करावा तशा टाळ्या बंद झाल्या. हे रोजचंच होतं. त्या दिवशी का कोण जाणे, मला ते लागलं. मी माईक तोंडाशी घेतला आणि ओरडलो, "मायबापहो! ही माउली पोटाला चिमटा काढून आजची स्वतःची सगळी बिदागी तुमच्या डोळ्यांसाठी दान करतीय!"

पेटीवर आक्कांची बोटं थांबली. रशीदभाईची थाप चुकली, जी बापजन्मात कधी चुकली नव्हती. आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला म्हणता! त्या टाळ्या माझ्या होत्या. मग माणसांची रीघ लागली. पहिल्या रांगेतला द्राक्षबागायतदार तर नोटा हवेत धरून आला.

परतताना टेंपोत आक्का शांतपणे म्हणाल्या, "परकाश, माझ्या जेवणाचं कुणाला इचारून ठरवलंस रं?"

"आक्का, बोलण्याच्या भरात गेलं. अप्पांना सांगतो, ते परत देतील."

"दिलं तरी घेनार न्हाय. शिवारात गेलं ते."

प्रकरण तिथंच मिटायचं, पण पुढच्या गावी अप्पांनी फलक लावला, 'दानशूर गायिका चंद्राक्का'. लोक गाण्याच्या आधी दानाचीच वाट बघत बसलेले. मी काय करणार? परत पुकारलं. परत टाळ्या. असं गावोगाव चाललं. रशीदभाई, टेंपोचा ड्रायव्हर आणि मी, आमचे तिघांचे वाटे आम्हाला मिळत राहिले, आक्कांचा तेवढा ट्रस्टला जात राहिला. बदल्यात दर गावी त्यांचा सत्कार व्हायचा. शाल अप्पांच्याच दुकानातली असायची, नारळ गावचा. नारळ घराजवळचा किराणावाला अर्ध्या भावानं परत घ्यायचा. शालींचा ढीग छताला लागायला आला. मी भेटायला गेलो की आक्का वाटीत खोबऱ्याची चटणी आणि ताटात भाकरी पुढं करायच्या. "खा. मानपानाचं जेवण हाय. शालीनं थंडी जाती बघ परकाश, भूक तेवढी जात न्हाय." त्या हसायच्या. मी खाली बघून खायचो.

मग त्यांचे डोळे गेले. पहिल्यांदा आम्ही हसलो. एका गावात त्यांनी स्पीकरच्या खोक्याला वाकून नमस्कार केला, "सरपंच, बरं हाय न्हवं?" दुसरीकडं पाहुण्यांचा हार आमच्या टेंपोच्या ड्रायव्हरला घातला. तोही बिलंदर, हार घालून पाहुण्यांच्या खुर्चीत बसला आणि दोन शब्द बोलायला उठत होता. आक्का म्हणायच्या, "काय न्हाय, धुकं पडलंय." भर वैशाखात.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. इतक्या गावांना ऑपरेशनं मिळवून दिलेली बाई, तिचं होणं काय अवघड? मी अप्पांकडं गेलो. अप्पा माणूस सज्जन, पण बदनामीला भ्यायचे. "प्रकाशराव, आक्का आमच्या दात्या. दात्यालाच फुकट ऑपरेशन दिलं तर लोक म्हणतील, ट्रस्टवाले आपसात वाटून खातात. मी माझ्या खिशातून करतो." आक्कांनी ते धुडकावलं. "अप्पाच्या खिशाला म्या का हात घालू?" एका दवाखान्यात त्या एकट्या गेल्याही होत्या. रांगेतल्या बाईनं ओळखलं, "आगं, ही तर फलकावरली दानशूर बाई!" आक्का तिथूनच माघारी आल्या. दान देणारी बाई फुकटच्या रांगेत कशी दिसली असती?

म्हणजे मी आधी त्यांचं जेवण घालवलं आणि आता डोळे घालवत होतो.

सोनारीच्या शिबिराला मी ठरवूनच गेलो. तिथं गाणं आदल्या संध्याकाळी न ठेवता शिबिराच्याच दिवशी ठेवलं होतं. सकाळची वेळ, कुठला डोळा करायचा ते कळावं म्हणून कपाळाला पट्ट्या चिकटवलेली म्हातारी माणसं मांडवात रांगेत बसलेली. आक्कांचं गाणं झालं. मी माईक घेतला. म्हणालो, "मंडळी, मी एक खोटं बोललोय. आक्कांनी दान कधी जाहीर केलंच नाही. त्यांना न विचारता मी केलं. त्यांच्याकडं खायला नाही, त्यांना दिसत नाही, आणि हे सगळं माझ्या तोंडामुळं झालंय."

मांडव हसायला लागला. त्यांना वाटलं नक्कल आहे. कपाळावर पट्टी लावलेला एक म्हातारा मांडीवर थाप मारून म्हणाला, "लई भारी करतंय बेणं!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं तसं लोक जास्तच हसले. अप्पासुद्धा हसले. एकानं तर मला दहाची नोट आणून दिली.

आक्का चाचपडत उठल्या. चप्पल काढलेलीच होती. माझ्या हातातला माईक घेत कानाशी पुटपुटल्या, "खरं सांगायची बी सवय असावी लागती रं. हो बाजूला." मग कर्ण्यातून आवाज गेला, "आजची माझी बिदागी एका म्हातारीच्या डोळ्यांसाठी. म्हातारी गरजू हाय. जरा तोंडाळ हाय, पर इमानदार हाय. नाव चंद्रकला, मुक्काम धाराशिव. अप्पा, लिवा."

अप्पा गडबडले. "आक्का, असं कसं? देणाऱ्या तुम्हीच आणि घेणाऱ्याही तुम्हीच?"

"व्हय. म्या माईकवर बोललेय. तुमाला न्हाय म्हनायचं आसंल तर माईकवर म्हना." आणि त्यांनी माईक अप्पांपुढं धरला. खरं तर तो अप्पांच्या डाव्या बाजूच्या खांबापुढं धरला होता. अप्पा सरकून खांबाजवळ गेले.

अप्पांनी मांडवाकडं पाहिलं. कुणी हसत नव्हतं. रांगेतली एक म्हातारी करवादली, "आवं अप्पा, लिवा की! माझ्या म्होरं बसवा तिला, मला काय घाई न्हाय." अप्पा माईकमध्ये खोकले. मग म्हणाले, "लिहून घ्या रे."

पट्टी सुटल्यावर आक्कांनी मला न्याहाळलं. "परकाश, लई पिकलास की!" त्या हसल्या तेव्हा मी उरलेलंही बोलून टाकलं. तामलवाडीला मी ट्रस्टसाठी बोललो नव्हतो, गरिबांसाठी तर नव्हतोच. टाळ्या तुम्हाला मिळतात, मला मिळत नाहीत, म्हणून बोललो.

"ते मला तवाच कळलं. टाळ्या थांबल्या तरी तू माईक सोडंनास."

"मग काही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? वर्सानुवर्सं टाळ्या मला, आन् तू आपला हुबा. मला बी वाईट वाटायचं. म्हनलं एक डाव ह्याला मिळू दे." त्या थांबल्या. "एक डाव म्हनलं हुतं रं! तू तर दुकानच मांडलंस."

आता आक्का सोलापूरला लेकीकडं असतात. पार्टी मोडली. रशीदभाई भाचीच्या लग्नातसुद्धा ढोलकीला हात लावत नाही. जायच्या आधी आक्कांनी एक शेवटचा कार्यक्रम केला, धाराशिवजवळच्याच एका गावात. गाणं झाल्यावर त्या पेटी सोडून खाली उतरल्या आणि पहिल्या रांगेत बायकांत जाऊन बसल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी मला पाठीमागूनच पाहिलं होतं. आता काळा चष्मा लावून समोर बसल्या होत्या.

मी माईक तोंडाशी घेतला. माउली, पोटाला चिमटा, गोरगरीब, सगळे शब्द जिभेवर तयार होते. एकही बाहेर येईना. शेवटी कसाबसा म्हणालो, "आक्कांची आजची बिदागी आक्कांचीच आहे."

कुणी टाळी वाजवली नाही.

"मोठ्यानं," आक्का खालून ओरडल्या. "मागं बसलेल्या बायकांस्नी ऐकू गेलं न्हाय. परत सांग."

मी परत सांगितलं.