थरथरत्या पायांचे मास्तर

आमच्या चांदा जिल्ह्यात त्या काळी जेवढे वाघ होते, त्या सगळ्यांना मिळून माणसं जेवढी भीत नसत तेवढी एकट्या आमच्या नागरिकशास्त्राच्या मास्तरांना भीत. वाघ दिसला तर माणूस झाडावर तरी चढू शकत होता. मास्तर दिसले की तीही सोय नव्हती, कारण ते झाडाखाली उभे राहून वरच्या माणसाला विचारत, "हे कोणी ठरवलं?" मग तो माणूस रेंजर असो, पाटील असो की देवळातला पुजारी असो, त्याला उत्तर द्यावं लागे आणि उत्तर त्याच्यापाशी नसे. दिसायला म्हणाल तर मास्तर अगदी किरकोळ. आखूड धोतर, कोपरावर ठिगळ लावलेला कोट, आणि कोटाच्या खिशात घडी घातलेले फुलस्केप कागद, इतके की त्या बाजूनं ते थोडे जाडच दिसत.

हे कागद अर्जांसाठी असत. इतर मास्तर कविता पाठ करून घेत, आमचे मास्तर अर्ज पाठ करून घेत. पोस्टाची पेटी फुटली, अर्ज. जंगलखात्याच्या शिपायानं गावच्या बायांच्या मोळ्या काढून घेतल्या, अर्ज. आठवड्यातून एक अर्ज आम्ही वर्गात लिहायचा आणि ते लाल शाईनं तपासायचे. व्याकरणाच्या चुका ते एक वेळ सोडून देत, पण कुणी 'कृपाळू साहेब' असं लिहिलं की तांबडी रेघ कागद फाडून खालच्या पानावर उमटे. मी एकदा शेवटी 'आपली आज्ञाधारक' असं लिहिलं होतं. मास्तरांनी वही माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "आपलं जे आहे ते मागतेस, बाई. त्यात आज्ञा कोणाची पाळून राह्यली तू?" मी तेव्हा नववीत होते. आमच्या वर्गात एकेचाळीस जण, त्यात मुली दोनच, आणि आम्हा दोघींना 'बाई' म्हणणारा शाळेतला तो एकच माणूस होता.

त्यांचं दुसरं वेड मतदानाचं. घटना लागू होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि मास्तरांना ती नव्या जावयासारखी कुठं ठेवू आणि कुठं नको असं होई. कुठला धडा आधी घ्यायचा, खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरही हात वर करावे लागत. एकदा मुलांनी ठराव आणला की सहामाही परीक्षा घेऊ नये. चाळीस विरुद्ध एक मतानं तो पास झाला. ते एक मत माझं होतं, कारण मला त्या वर्षी पहिला नंबर काढायचा होता. मास्तरांनी ठराव स्वच्छ अक्षरात लिहून हेडमास्तरांकडे पाठवला. हेडमास्तर छडी घेऊनच आले आणि चाळीस जणांना प्रसाद मिळाला. ते गेल्यावर मास्तर शांतपणे म्हणाले, "बहुमतही चुकते. आता हे तुमाले जन्मभर शिकवा नाई लागणार." घरीही त्यांचा हाच कारभार. मास्तरीणबाई माझ्या आईला सांगत, "आमच्या घरी माणसं दोन. रोज बरोबरी होते, आन् रोज भाजी करपते."

हा सगळा विनोद वाटतो, पण मास्तर जिथं भिडायचं तिथं भिडत. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात पंगत बसली तेव्हा मांडवाबाहेर, शेणाच्या खड्ड्याशेजारी, वाजंत्री त्यांची पाळी येण्याची वाट बघत बसले होते. ते मांगवाड्यातले, म्हणून त्यांना सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं. मास्तर आपलं पान उचलून तिथं जाऊन बसले. माझे बाबा हात जोडून म्हणाले, "मास्तर, तुमी इथी काऊन बसले? वर चाला." मास्तर म्हणाले, "हे सकाळपासून वाजवून राह्यले, भाऊ. मी तर काईच केलं नाई. भूक कोणाले जास्त असल?" मास्तरांना वाढल्याशिवाय पंगत सुरू करणं बरं दिसेना, आणि त्यांना वाढायचं तर वाजंत्र्यांना आधी वाढावं लागलं. तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं की मास्तरांचे पाय थरथरत होते. मांडी घालून बसलेल्या माणसाचे गुडघे धोतराखाली हलत होते. मी दुसऱ्या दिवशी भीतभीत विचारलं. ते म्हणाले, "पाय भितातच. त्यायले मी काय करू? मी तोंडानं बोलतो, पायानं नाई."

आमच्या वर्गातली दुसरी मुलगी म्हणजे जना. नदीकाठच्या एका गावच्या महारवाड्यातून ती रोज चार मैल चालत येई, त्यातला अर्धा रस्ता जंगलाचा. गणितात ती माझ्या पुढं असायची आणि पहिल्या नंबराची माझी सगळी झटापट तिच्याशीच होती. शाळेच्या वऱ्हांड्यात दोन रांजण होते. मोठा आमच्यासाठी. लहान, कोपऱ्यात, गळ्याशी चिरलेला, जनासाठी आणि जंगलगावातून येणाऱ्या तीन-चार गोंड मुलांसाठी. आमचा शिपाई हरबाजी दोन्ही भरायचा. मोठ्यावर पितळी गडू होता, लहानावर टिनाचा डबा. आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. शाळा म्हटली की घंटा, फळा आणि दोन रांजण, एवढंच आम्ही समजून होतो.

त्या हिवाळ्यात मास्तर मूलभूत हक्क शिकवत होते. अस्पृश्यता घटनेनं बंद केली, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. जना उभी राहिली. ती एरवी विचारल्याशिवाय बोलत नसे. म्हणाली, "मास्तर, घटनेत बंद झाली, तर वऱ्हांड्यात काऊन चालू आहे?"

 मास्तर वऱ्हांड्याकडे बघत राहिले. जिल्हाभराला जाब विचारत फिरणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग आमच्यादेखत उतरला. ते म्हणाले, "तीन वर्षं झाली मले या शाळेत. तीन वर्षं मी त्या मोठ्या रांजणाचं पाणी पिऊन राह्यलो. मले दिसलंच नाई, बाई." पुढचा धडा त्यांनी शिकवला नाही. खुर्चीवर बसून त्यांनी अर्ज लिहिला आणि तास संपताच हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला. हेडमास्तरांनी तो शाळा कमिटीकडे पाठवला आणि कमिटीनं तो फायलीत घातला.

पंधरा दिवस आम्ही वाट पाहिली. मग एका सोमवारी मधल्या सुट्टीत मी लहान रांजणाशी गेले आणि टिनाचा डबा भरून पाणी प्यायले. हे धाडस होतं असं मी म्हणणार नाही. जनानं तो प्रश्न विचारला आणि मला सुचला नव्हता, ही टोचणीच त्यात जास्त होती. पण माझ्यामागून दोघं आले, मग पाच. गुरुवारपर्यंत सगळा वर्ग लहान रांजणावर रांग लावू लागला, आणि मोठा रांजण काठोकाठ भरलेला तसाच उभा राहिला. हरबाजीला लहान रांजण दिवसातून सहा वेळा भरावा लागे. तो म्हणे, "काई तरी एक ठरवा पोट्टेहो, माही कंबर गेली." मास्तरांना आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी रांग पाहिली, तिच्या शेवटी जाऊन उभे राहिले आणि थोड्या रागानंच मला म्हणाले, "मले सांगाचं तरी."

घरी आईनं मला चुलीकडे येऊ देणं बंद केलं. पौषाच्या गारठ्यात रोज संध्याकाळी विहिरीवर अंग धुतल्यावरच मला घरात घेत. मी दात वाजवत अंघोळ करी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या रांजणाचं पाणी पिई. बाबा कमिटीचे मेंबर होते. ते एकदाच बोलले, "शाळेतून काढून टाकीन." मला ते खरं वाटलं, म्हणून मी त्या रात्री बीजगणिताचं सगळं पुस्तक सोडवून टाकायला घेतलं.

अखेर कमिटीची बैठक बसली. अध्यक्ष भाताच्या गिरणीचे मालक, अंगानं भारी आणि आवाजानं त्याहून भारी. त्यांनी वर्गाला उभं केलं आणि विचारलं, "हे कोणाच्या डोक्यातलं? मास्तरच्या ना?" रांगेतला पहिला मुलगा म्हणाला, "माह्या." दुसरा म्हणाला, "माह्या." असे एकोणचाळीस जण झाले. मी बाबांकडे न बघता म्हणाले, "माह्या." जना सगळ्यात शेवटी होती. ती म्हणाली, "प्रश्न माहा होता. पाण्याचं डोकं या साऱ्यायचं."

अध्यक्षांनी मास्तरांपुढे कागद सरकवला आणि माफी लिहून मागितली. मास्तरांचे पाय इतके हलत होते की टेबल हलू लागलं, म्हणून त्यांनी कागद उचलून मांडीवर घेतला. चार ओळी लिहून त्यांनी तो अध्यक्षांना न देता जनाच्या हातात दिला. तिनं तो मोठ्यानं वाचला. तीन वर्षं वेगळ्या रांजणाचं पाणी प्यायल्याबद्दल विद्यार्थिनी जना हिची मी माफी मागतो, असं त्यात होतं.

अध्यक्ष म्हणाले, "मी कमिटीची माफी मागाले सांगतलं."

"कमिटीचं मी काय वाईट केलं, भाऊ?" मास्तर म्हणाले.

बाबा उठून बाहेर गेले. संध्याकाळी मी विहिरीकडे जाऊ लागले तेव्हा ते ओट्यावर होते. म्हणाले, "पाणी थंड असल. आज राहू दे."  आईनं ताट चुलीपाशीच वाढलं.

रांजणांबद्दल कमिटीनं शेवटपर्यंत काही ठरवलं नाही. ते हरबाजीनं ठरवलं. एका सकाळी त्यानं मोठा रांजण मधोमध आणून ठेवला, त्यावर गडू आणि टिनाचा डबा शेजारी शेजारी पालथे घातले आणि लहान रांजण गुरांसाठी घरी नेला. कोणी विचारलं तर म्हणे, "माह्याच्यानं दोन भरणं होत नाई."

वर्ष संपलं आणि कमिटीनं मास्तरांना पुढच्या सालासाठी ठेवलं नाही. आम्ही एकेचाळीस सह्यांचा अर्ज लिहिला. नेऊन देण्याआधी मास्तरांना दाखवला, तर त्यांनी खिशातून लाल पेन काढून ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका दुरुस्त केल्या आणि म्हणाले, "मजकूर बरा आहे." अर्ज नामंजूर झाला. त्यांना दूर सिरोंच्याकडच्या एका शाळेत काम मिळालं. बस सुटताना मास्तरीणबाई रडल्या. मास्तर मात्र कंडक्टरला, पुढची बाकं ठेकेदारांसाठी राखून ठेवण्याचा नियम कुठं लिहिला आहे, हे विचारत होते.

जना पुढं शिकली, मास्तरीण झाली. मी मॅट्रिक झाले आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. स्थळ चांगलं होतं, माणसंही चांगली निघाली. लग्नानंतर चार महिन्यांनी सिरोंच्याहून पोस्टकार्ड आलं. वेडंवाकडं, घाईत लिहिलेलं. आशीर्वाद दिले होते, तिकडे तेलुगू शिकतो आहे असं होतं, आणि शेवटी एवढंच: "लग्नाले तुझी हो होती ना, बाई? एका ओळीत कळव."

मी कोरं कार्ड घेऊन बसले. खोटं लिहायला मन होईना. खरं लिहावं तर त्या भल्या घरात बसून ते कसं लिहायचं, हे कळेना. आज लिहू, उद्या लिहू करत दिवाळी गेली, मग मोठा मुलगा झाला, आणि एके दिवशी जनाच्या पत्रातून कळलं की मास्तर तापानं गेले. ती एक ओळ माझ्याकडून राहूनच गेली. अजूनही कधी दुपारी घर निवांत असलं की मी ती मनात जुळवायला बसते. मला कोणी विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते की नाही, तेवढं काही केल्या मला लिहिता येत नाही.