प्रयोंगदादाच्या काळ्या भुवया

मला घाईचं काम सांगू नका. तीस वर्षांत माझं काम एकदाच बिघडलं. तेही कुणाच्या तोंडावर, तर आमच्या प्रयोंगदादाच्या. आणि मुहूर्त कुठला, तर त्याच्या आईच्या अंत्ययात्रेचा!

थायलंडात, आंगथोंगच्या बाजारात माझं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे. प्रयोंगदादा लीकेच्या फडातला नायक. लीके म्हणजे आमचं गाण्याबजावण्याचं नाटक. वय साठ, पण स्टेजवर अजून पंचविशीचा राजपुत्र. दर दहा दिवसांनी माझ्याकडे हजर. "सायजाय, बघ गं, डावीकडे एक पांढरा डोकावतोय." एक? अख्खी भुवई पिंजलेल्या कापसासारखी व्हायची! मी केस वर विंचरून लांबलेले छाटायची, काळ्यात थोडा तपकिरी कालवून बारीक ब्रशने रंग भरायची आणि पाच मिनिटांत पुसायची. जास्त ठेवला तर रंग कातडीत मुरतो, मग आठवडाभर हलत नाही. आणि हा बाबा स्वस्थ बसेल तर शपथ! दर मिनिटाला आरसा. "झाल्या का काळ्या?" मी वैतागायची. "बोहल्यावर चढायचंय का तुला, दादा?"

त्याची आई च्यामआजी मात्र एका गोष्टीसाठी झुरत होती. आमच्यात मुलगा विसाव्या वर्षी एक पावसाळा चीवर घेऊन भिक्खू होतो, त्याचं पुण्य आईला लागतं. डोक्याबरोबर भुवयाही भादरतात. दादा तेव्हा नुकताच नायक झालेला. भुवया भादरल्या तर हंगाम बुडणार, म्हणून म्हणाला, "पुढच्या वर्षी." ते पुढचं वर्ष चाळीस वर्षं आलंच नाही. शेवटी म्हातारी म्हणाली, "निदान माझ्या शवपेटीपुढे तरी चीवर घालून चाल रे. एक दिवस."

गेल्या फाल्गुनात ती गेली. पेटी तीन दिवस विहारात होती आणि गावात एकच चर्चा, प्रयोंग भादरणार की नाही? आठवड्यावर जत्रा आलेली, पाच रात्री खेळ. त्याची बहीण लमाय मला म्हणाली, "नाही आला ना, तर मला भाऊ मेला." माझंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. केस कापता कापता मी दहा वेळा दाराशी जाऊन यायची.

चौथ्या दिवशी सकाळी पार्लर उघडलं आणि हा समोर उभा.

"सायजाय, रंग लाव."

माझं डोकंच फिरलं. "लाज वाटते का रे? आई तिकडे पेटीत, भन्ते वस्तरा घेऊन बसलेत आणि तुला नटायचंय?"

"भादरणारच आहे गं. पण आधी काळ्या कर."

"वेडा झालास? तासाभरात जाणारे केस रंगवायचे?"

तो खुर्चीत बसला. पहिल्यांदाच आरशाकडे बघेना. मी चडफडत रंग कालवला, ब्रश टेकवला, तेव्हा बोलायला लागला. "गेल्या वर्षी तू बहिणीकडे गेली होतीस, महिनाभर. माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या. घरी गेलो तर आई म्हणाली, कोण तुम्ही, काका? कुणाकडे आलात? मी म्हटलं, अगं मी प्रयोंग. तर म्हणाली, माझ्या प्रयोंगच्या भुवया काळ्याभोर आहेत. मला पाणी दिलं, पाहुण्याला देतात तसं. बाकी सगळं विसरली होती, तेवढं लक्षात होतं. तेव्हापासून पांढरा केस दिसला की मला धडकी भरायची. आज भन्तेंपुढे बसेन ना, तर तिचा प्रयोंग म्हणूनच बसेन."

आणि मी मेली याला नट्टापट्टा म्हणत होते! माझ्या डोळ्यांना धार लागली. घड्याळाकडे कुणाचं लक्ष? बघते तर वीस मिनिटं झालेली. "ऊठ, ऊठ, भन्ते खोळंबलेत!" म्हणत भराभर पुसलं आणि त्याला पिटाळलं. भुवया कोळशासारख्या काळ्या होत्या. केस निघाल्यावर खाली काय दिसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पार्लर बंद करून विहारात पोचले, तर दादा चीवर घालून बाहेर येत होता. डोकं तुळतुळीत. आणि कपाळाखाली दोन काळ्या भुवया! केस नव्हते, नुसता कातडीत मुरलेला रंग. बायकांनी तोंडावर हात धरले. कुणीतरी म्हणालीच, "भन्तेंनी डोकं भादरलं, पण नायक काही निघाला नाही!" लमायने मला कोपऱ्यात ओढलं. "आज तरी माझ्या आईचं हसं करायचं नव्हतं गं!"

मला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं. धावत विहाराच्या स्वयंपाकघरात गेले, लिंबू कापलं, कापूस भिजवला, धावत परत आले. त्याच्या कपाळाशी हात नेला आणि तिथेच थिजले. चीवर चढवलेल्या माणसाला बाईने शिवायचं नाही. ब्रश घेऊन इतकी वर्षं ज्या कपाळाला हात लावला, त्याला आता बोट लावायची सोय नव्हती.

बाईच्या हातून थेट घ्यायचं नाही, म्हणून त्याने जमिनीवर रुमाल पसरला. मी त्यावर कापूस ठेवला. "पूस रे लवकर... पुसा, पुसा! हात जोडते. लोक हसतायत."

पेटी उचलली जात होती. पेटीला बांधलेला पांढरा दोरा त्याच्या हातात दिला गेला. कापूस त्याने रुमालावरच राहू दिला.

"नको, सायजाय," तो म्हणाला. "पुसल्या तर परत विचारेल, कोण तुम्ही, काका?"

लमाय माझ्या मागेच उभी होती. तिने माझा दंड घट्ट धरला आणि हुंदका दिला. तो दोरा धरून पुढे निघाला, आणि आम्ही दोघी पेटीमागे चालायला लागलो.