चार कॉट

परवा घरमालकिणीच्या अंगणात चार लोखंडी कॉट उतरल्या. कॉलेज सुरू व्हायच्या दिवसांत या गावात घरोघरी अशा कॉट येतात. वरच्या मजल्यासाठी असतील, असं समजून मीच त्या पुसायला घेतल्या. तेव्हा मालकीणवहिनी म्हणाल्या, "तुझ्या खोलीत चार मुली ठेवतेय गं. तुम्ही नवराबायको, कुठंही मावाल. महिनाअखेर दुसरीकडं बघा."

गेल्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून खोली मापून घेतली होती. नवी फरशी बसणार, या आनंदात मी हातानं कोपरान् कोपरा मापून दिला. मला खाली फरशी दिसत होती, त्यांना कॉट दिसत होत्या. नऊ वर्षांच्या ओळखीच्या दोघी आम्ही, एकाच खोलीत उभ्या होतो.

आज तीन घरं फिरले. दोघी मालकिणींनी "कुटुंबाला देत नाही, मुलीच ठेवतो," म्हणून दारातूनच परत पाठवलं. तिसरीनं आत घेतलं आणि विचारलं, "आधीची खोली का सोडताय? मालकिणीशी भांडण झालं का?"

खरं सांगायची मलाच लाज वाटली. म्हणाले, "नाही हो, मालकीण फार चांगली आहे. आम्हालाच जागा पुरत नाही."